तासाभराची शिक्षा

‘शुभे, पाय वर घे. त्याला वारा लागत नाहीये,’ आई म्हणाली.

‘त्याला’ म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या पायाशी ठेवलेल्या एका फांदीला.

‘आणि मी पाय कुठं ठेवू?’ शुभा वैतागली.

‘तुला दुमडता येतात की. त्याला येतात का?’

सावंतवाडी मागे टाकून आम्ही आंबोलीचा घाट चढत होतो. डिसेंबरातली सकाळ होती. आमची सेकंडहँड मारुती ओम्नी दुसऱ्या गिअरवर कुरकुरत होती. पुढे मी आणि आप्पा, मागे आई आणि शुभा, आणि शुभाच्या मांडीवर, सीटखाली, मागच्या काचेपाशी, जिथं म्हणून जागा होती तिथं आईच्या फांद्या. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, वर प्लास्टिकची पिशवी आणि दोरा. बंगळूरच्या बागेतल्या वेगळ्या, म्हैसूरच्या वेगळ्या, उटीच्या वेगळ्या. आठवडाभरात आम्ही वाटेतली एकही बाग सोडली नव्हती आणि आईनं एकाही बागेला सोडलं नव्हतं.

यातली एकही फांदी विकतची नव्हती.

आईनं जन्मात कुणाचा रुपया बुडवला नाही. भाजीवाल्यानं चुकून जास्तीचं लिंबू टाकलं तर दुसऱ्या दिवशी ती ते परत नेऊन द्यायची. पण झाडाच्या बाबतीत तिचा कायदा निराळा होता. विकत आणलेलं झाड जळतं, मागून आणलेलं रुसतं, चोरून आणलेलंच लागतं. मिरजेत आमच्या गल्लीतल्या सगळ्याच बायकांना हा कायदा मान्य असल्यामुळे कुणी कुणाच्या कुंडीत हात घातला तर न बघितल्यासारखं करायची तिथं रीत होती. या चोरीलाही नियम होते. मुळाला हात लावायचा नाही. कळी धरलेली फांदी घ्यायची नाही. दिवेलागणीनंतर झाडाला शिवायचंच नाही, कारण ते झोपलेलं असतं. आणि खुडण्याआधी त्याला विचारायचं. आई खरोखर वाकून विचारायची, ‘घेऊ का गं?’ झाडानं नाही म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आप्पा तिचे साथीदार. वीज मंडळात अख्खी नोकरी नाकासमोर चालून केलेला माणूस, पण बागेत शिरला की थेट रखवालदारापाशी जाऊन उभा राहायचा आणि विचारायचा, ‘इथं पाऊस किती पडतो हो?’ रखवालदार पावसात गुंतला की आईची पिशवी फुगायची. उटीला तर आप्पांना भाषा येत नव्हती, तरी त्यांनी हातवारे करून पावसाची चौकशी केली होती. रखवालदाराला वाटलं, यांना आंघोळ करायची आहे.

आज पंचवीस वर्षांनी मी हे हसत सांगतोय, पण त्या सकाळी घाटात मला हसू येत नव्हतं. रविवारी जयसिंगपूरची माणसं आमच्या घरी येणार होती. त्यांची मुलगी, मी, आणि सुपारी. दोन महिन्यांपूर्वी आई म्हणाली होती, ‘जयसिंगपूरचं एक स्थळ आहे. मुलगी चांगली आहे. बोलवू का?’ मी जेवत होतो. मी ‘हूं’ म्हणालो. त्या एका ‘हूं’वर आईनं पुढचं सगळं ठरवून टाकलं, आणि मी ताटाकडे बघत बसलो.

कारण आंबोलीच्या वर, रस्त्यापासून जरा आत, एका ट्रस्टची वनस्पतींची बाग होती आणि त्या बागेत संज्योत तळवणेकर होती.

मी तेव्हा सांगलीच्या एका दुकानासाठी ठिबक सिंचनाची कामं करायचो. त्या बागेच्या रोपवाटिकेत नळ्या टाकायचं काम माझ्याकडे आलं. काम चार दिवसांचं होतं, मी ते दीड महिना पुरवलं. संज्योत रोपवाटिकेची प्रमुख. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या बुटाखाली आलेलं एक इवलंसं रोप दाखवलं आणि म्हणाली, ‘याला उगवायला तीन वर्षं लागली. तुम्हाला पाय उचलायला किती वेळ लागेल?’ मी पाय उचलला. त्यानंतर माझं काही खरं राहिलं नाही.

तिच्या घरी ठाऊक होतं. माझ्या घरी फक्त शुभाला. आईला सांगायचं म्हणून मी कितीदा तरी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन पाणी पिऊन परत आलो होतो. शेवटी एक बेत केला. आईला बागांचं वेड, तेव्हा बागांचीच सहल काढायची आणि परतताना शेवटची बाग ही ठेवायची. अकराच्या सुमाराला संज्योत फाटकावर सहज भेटेल, ‘चला, मी दाखवते’ म्हणेल. झाडांची इतकी माहिती असलेली मुलगी बघून आई पाघळेल. मग गाडीत बसलं की मी हळूच सांगून टाकीन.

‘दादा, तुझ्या बेतात एकच खोट आहे,’ शुभा म्हणाली होती. ‘शेवटी तोंड तुलाच उघडावं लागणार.’

बागेच्या फाटकावर गाडी थांबली आणि पहिलीच माशी शिंकली. तिथला रखवालदार भिवा मला बघून हसत पुढं आला.

‘काय ओ साहेब, परत इलात? पायप फुटलो की काय?’

मी डोळ्यांनी त्याला गप्प राहायच्या खुणा केल्या. त्याला वाटलं माझ्या डोळ्यात काहीतरी गेलंय. त्यानं पाणी आणून दिलं.

‘हा तुला ओळखतो?’ आईनं विचारलं.

‘त्याला सगळेच ओळखीचे वाटतात,’ मी म्हणालो.

आई ‘हूं’ म्हणाली.

फाटकाशेजारी पाटी होती: ‘फूल, पान अगर फांदी तोडताना आढळल्यास रोपवाटिकेत एक तास काम करावे लागेल.’ आईनं ती मोठ्यानं वाचली आणि खुदकन हसली. ‘हे बरंय. दंड नाही, काही नाही. कोण करतंय काम!’ आणि खांद्यावरची पिशवी सावरत ती आत शिरली.

संज्योत फाटकावर नव्हती. अकरा वाजून गेले तरी आली नाही. मी कचेरीत डोकावलो, तिथंही नव्हती. बाकीच्यांना ‘तुम्ही बघत राहा, मी गाडी सावलीत लावतो’ असं सांगून मी तिला शोधायला निघालो. ऑर्किडच्या बाजूला गेलो, तळ्याकडे गेलो, नेच्यांच्या ओढ्याकाठी जाऊन आलो. कुठंच पत्ता नाही. परत आलो तर एका बाकावर आप्पा एकटेच बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. जवळ गेलो तर हसून हसून त्यांचा चष्मा घसरला होता.

‘पकडली,’ ते म्हणाले.

‘कोण?’

‘तुझी आई! अरे, लग्नाला एकतीस वर्षं झाली. बंगळूरच्या पहाऱ्यातून सुटली, उटीतून सुटली, आणि इथं सापडली. तिकडं बेगोनियाचा वाफा आहे बघ, नुसत्या पानापासून लागतो तो. मी भिवाला पाऊस विचारत होतो. तो बिचारा अगदी जूनपासून सांगत होता. इकडं हिनं एक पान खुडलं, एकच पान, आणि मागच्या झुडपातून एक मुलगी उठली. म्हणाली, ‘काकू, तास सुरू झाला.’ आणि घेऊन गेली.’

‘मुलगी? कशी होती?’

‘टोपी घातलेली. उंच. तुझ्या आईचा हात असा धरला होता, की काय सांगू!’ आप्पांनी पुन्हा चष्मा काढून डोळे पुसले. ‘एवढ्या वर्षांत तिला अडवणारं पहिलं माणूस भेटलं रे.’

त्या बागेत टोपी घालणारी उंच मुलगी एकच होती. मी बेत काय केला होता आणि घडलं काय होतं! जिनं आईला बाग दाखवायची तिनंच आईला चोर म्हणून धरलं होतं, आणि आपण कुणाला धरलंय हे तिला ठाऊक नव्हतं. आणि आईचा राग! शेजारच्या काकूंनी एकदा हिच्या पापडाला ‘जरा जाड’ म्हटलं होतं, ते आई अजून विसरली नव्हती.

‘संपलं,’ एवढ्यात मागून येऊन पोचलेली शुभा माझ्या कानात म्हणाली. ‘आता जयसिंगपूरच.’

आम्ही तिघं रोपवाटिकेकडे धावलो. म्हणजे मी धावलो, शुभा भरभर चालली आणि आप्पा हसत हसत मागून आले.

हिरव्या जाळीच्या सावलीत मातीचा ढीग, शेणखताचा ढीग आणि वाळूचा ढीग होता. मधोमध पाटावर आई बसली होती. पदर खोचलेला, बांगड्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, दोन्ही हात मातीत. समोर संज्योत. दोघींच्या मध्ये भरलेल्या काळ्या पिशव्यांची रांग लागली होती.

‘माती जास्त झाली तुमची,’ आई म्हणत होती. ‘पाणी धरून बसेल. मुळं कुजतील.’

‘इथली माती जांभ्याची आहे, काकू. तुमच्या काळ्या मातीचं गणित इथं चालत नाही. आणि मुठीनं दाबू नका, तळ आपटा.’

‘मला शिकवू नकोस. तुझ्या जन्माच्या आधीपासून कुंड्या भरतेय मी.’

‘मग आपटा की.’

आईनं पिशवी जमिनीवर दाणकन आपटली. संज्योतनं ती उचलून बघितली आणि रांगेत ठेवली. ‘ही बरी झाली,’ ती म्हणाली.

आईला ‘बरी झाली’ म्हणणारं आमच्या घरात कुणी नव्हतं. मी खाकरलो. दोघींनी वर बघितलं. संज्योतच्या चेहऱ्यावर ओळखीची रेघसुद्धा उमटली नाही.

‘नमस्कार. आपण?’ तिनं मला विचारलं.

मला बरं वाटलं. पोरीला प्रसंगावधान आहे, मी मनात म्हणालो. आईसमोर ओळख दाखवत नाहीये.

‘ही माझीच माणसं,’ आई म्हणाली. ‘हे आमचे यजमान. ही मुलगी. आणि हा...’ आई क्षणभर थांबली. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं. ‘हा आमचा ड्रायव्हर.’

शुभाला एकदम ठसका लागला. मला वाटलं, आईला लाज वाटतेय. आपल्याला अशा अवस्थेत बघणारा मुलगा आपला नाहीच म्हणावं, असं तिला झालंय. मी गप्प राहिलो. गप्प राहण्यात मी पटाईत होतो.

‘बसा,’ संज्योत आप्पांना म्हणाली. ‘सुलोचनाबाईंचा तास अजून संपायचाय.’

‘सुलोचनाबाई?’ आप्पा म्हणाले आणि आईकडे बघून त्यांनी पटकन तोंडावर रुमाल धरला. सुलोचना म्हणजे माझी काकू, आईची थोरली जाऊ. सापडल्यावर आईनं स्वतःचं प्रमिला हे नाव न सांगता बेधडक जावेचं सांगून टाकलं होतं. घराण्याला बट्टा लागायचाच असेल तर तो थोरल्या पातीला लागू दे, असा हिशोब.

संज्योतनं घमेलं पुढं ओढलं. ‘ड्रायव्हर चांगला दिसतो तुमचा. घाटात गाडी नीट चालवतो का?’

‘चालवतो नीट. पण तोंडानं काही सांगत नाही बघ. कुठं वळणार, कुठं थांबणार, कशासाठी थांबणार, काही नाही. आपण आपलं मागं बसायचं.’

‘विचारायचं मग.’

‘विचारून सांगितलेल्यात काय मजा?’ आईनं शेणखताची ओंजळ टाकली. ‘माझा मुलगाही असलाच. आणि तुला सांगते, रविवारी त्याचं ठरवायचंय.’

‘अरे वा! मुलगी कुठली?’

‘जयसिंगपूरची.’

‘मुलाला पसंत आहे?’

‘तो ‘हूं’ म्हणाला.’

‘नुसतं ‘हूं’?’

‘आमच्याकडं तेवढ्यावर लग्नं होतात.’

मी संज्योतकडे बघितलं. जयसिंगपूरचं मी तिला सांगितलं नव्हतं. ते मी परस्पर निस्तरणार होतो. आता तिचा चेहरा पडेल, हातातली पिशवी खाली पडेल, असं मला वाटलं. तिनं शांतपणे पिशवी भरली, तळ आपटला, रांगेत ठेवली आणि म्हणाली, ‘मग होऊन जाऊ दे की, काकू. चांगल्या कामाला उशीर कशाला?’

‘तेच म्हणते मी,’ आई म्हणाली.

शुभानं मागून माझ्या पाठीत बोट खुपसलं. मला एकदम दिसलं, की मी असाच उभा राहणार, या दोघी पिशव्या भरत राहणार, तास संपणार, आई हात धुणार, मी गाडी चालवत मिरजेला जाणार आणि रविवारी कुणीतरी माझ्या हातात नारळ देणार. आणि मी ‘हूं’ म्हणणार.

‘आई, जयसिंगपूर नको,’ मी म्हणालो.

माझा आवाज इतका मोठा आला, की जाळीवर बसलेला एक पक्षी उडाला. मग मला थांबताच येईना.

‘मला हिच्याशी लग्न करायचंय. ही संज्योत. इथल्या सगळ्या नळ्या मी टाकल्यात. चार दिवसांचं काम होतं, दीड महिना लावला. मालकाला सांगितलं, खाली कातळ लागला. कातळ नव्हता. मला रोज यायचं होतं. ही सहलही मी हिच्यासाठीच काढली. तुला सांगायचं होतं, पण जमत नव्हतं. आणि संज्योत, मी ड्रायव्हर नाही, म्हणजे ते तुला माहीतच आहे, पण या सुलोचनाबाई नाहीत. ही माझी आई आहे. प्रमिला. आणि आई, हिनं तुला मुद्दाम नाही धरलं, तिला ठाऊक नव्हतं. तू रागावू नकोस. रागावलीस तरी चालेल. पण रविवारी कुणी येणार नाही. आलं तर मी घरी नसेन.’

दम लागून मी थांबलो. आई माझ्याकडे बघत होती. मातीचे हात तिनं गुडघ्यांवर ठेवले.

‘एवढंच?’ ती म्हणाली.

‘म्हणजे?’

‘एवढ्यासाठी मला उटीपर्यंत हिंडवलंस?’

आणि संज्योत इतका वेळ धरून ठेवलेलं हसू सोडून खो खो हसायला लागली. टोपी काढून तिनं तोंडावर धरली तरी ते थांबेना. आईच्या ओठांचे कोपरे हलले, मग तीही हसायला लागली. दोघी मातीच्या ढिगाशेजारी डोलत हसत होत्या आणि मी मधे मारुतीसारखा उभा.

‘तुला माहीत होतं?’ मी आईला विचारलं.

‘अरे, तुला मुळा आणि गाजर यातला फरक कळायचा नाही. एक दिवस माझ्या कुंडीशी येऊन म्हणालास, ‘आई, याला फेब्रुवारीत छाटायला हवं.’ आता हे तुला नळ्या विकणाऱ्या मालकानं शिकवलं का? तेव्हाच कळलं, कुणीतरी झाडांमधली आहे. कोण ते मात्र इथं आल्यावर कळलं. मी हिला बोलता बोलता म्हटलं, माझा मुलगा ठिबकची कामं करतो. तर हिचे कान लाल झाले, आणि भरलेली पिशवी हिनं पुन्हा भरायला घेतली.’

‘आणि तू?’ मी संज्योतकडे वळलो. ‘तुला कधी कळलं?’

‘मला? गाडी फाटकावर थांबली तेव्हाच,’ ती डोळे पुसत म्हणाली. ‘तूच नाही का सांगितलंस, आई कुठल्याही बागेत गेली की कुठं जाते आणि काय करते? आमच्या बागेत चोरण्यासारखा वाफा एकच आहे. मी अर्धा तास त्या झुडपामागं बसून होते.’

‘म्हणजे तू मुद्दाम पकडलंस?’

‘फाटकावर उभी राहून ‘या, बसा’ केलं असतं तर यांनी मला पाहुण्यासारखं बघितलं असतं. चहा, बिस्किटं, आणि चला निघतो. मला त्या तासभर हव्या होत्या.’

‘आणि चिडल्या असत्या तर?’

‘चिडल्याच होत्या. पहिली दहा मिनिटं नुसत्या माझा उद्धार करत होत्या. पण तासातली पन्नास मिनिटं शिल्लक होती ना. आणि जयसिंगपूर ऐकूनही तू तोंड उघडतोस का, तेच मला बघायचं होतं.’

आई माझ्याकडे बघून म्हणाली, ‘ऐकलंस? आणि तू म्हणे हिला वाचवायला धावत आलास.’

आप्पा पुढं झाले. त्यांना एक गोष्ट अजून कळत नव्हती. ‘पण प्रमिला, जयसिंगपूरच्या लोकांना आता काय सांगायचं? शब्द दिलाय आपण.’

‘कुठले लोक?’ आई म्हणाली. ‘जयसिंगपुरात आपलं कोणीही नाही.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे नाही. मी आपलं बोलले. वाटलं, स्थळ आणलं म्हटलं की हा उठून ‘नको’ म्हणेल आणि काय ते सांगेल. तर हा ‘हूं’ म्हणाला! मग मला पुढं रेटावं लागलं. वार सांगितला, तारीख सांगितली, तरी हा ‘हूं’. रविवारी काय करणार होते मी, कुणास ठाऊक. शेवटी सुलोचनाबाईंनाच जयसिंगपूरच्या करून बसवावं लागलं असतं.’

‘अगं, पण मी पेढे सांगून ठेवलेत!’ आप्पा ओरडले.

‘मग आणा की. वाया कशाला जातील? आता तर लागणारच आहेत.’

हे ‘लागणारच आहेत’ कानावर पडलं आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मला एवढा आनंद झाला, की मी खाली बसून एक पिशवी उचलली आणि भरायला लागलो. शुभानं टाळ्या वाजवल्या. संज्योत लाजली असेल असं मला वाटलं, म्हणून मी तिच्याकडे बघितलं, तर ती घड्याळ बघत होती.

‘काकू, अजून पंधरा मिनिटं राहिलीत,’ ती म्हणाली.

‘आता कसली पंधरा मिनिटं? सून होणारेस माझी.’

‘झाले नाही अजून. आणि झाले तरी पाटी सगळ्यांना सारखीच.’

आईनं तिच्याकडे रोखून बघितलं. मग आईनं पदर पुन्हा घट्ट खोचला. ‘दे ते घमेलं इकडं,’ ती म्हणाली. त्या पंधरा मिनिटांत तिनं भरलेल्या पिशव्या सगळ्यात नीट होत्या, असं संज्योत आजही सांगते.

तास संपल्यावर मी आईला नळापाशी घेऊन गेलो. मी नळ धरला, ती हात धूत होती. बाकीचे जरा लांब होते. नखांतली माती काढता काढता ती खाली मान घालून म्हणाली, ‘शाळेतून आलास की चप्पल काढायच्या आधी सगळं सांगायचास. कुणी मारलं, कुणाला मारलंस, बाई काय म्हणाल्या. मी म्हणायची, अरे आधी पाय तरी धू. तुला धीर नसायचा.’

मी नळ जरा बारीक केला.

‘मग कधी थांबलास तेच मला कळलं नाही. मोठा झालास, नोकरी लागली. ‘जेवलो’, ‘येतो’, ‘हूं’. मी म्हटलं, असंच असतं, मुलगे असेच असतात. पण ही एवढी मोठी गोष्ट तरी सांगशील असं वाटायचं रे. तू दारापर्यंत यायचास आणि पाणी पिऊन जायचास. मी तिकडं तोंड करून पोळ्या लाटत बसायची. म्हटलं, आता बोलेल, आता बोलेल.’

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हात ओले असल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हतं. मी माझ्या रुमालानं पुसलं. मला तिच्याबद्दल त्या क्षणी इतकी माया दाटून आली, की मीही रडलो. मिरजेच्या माणसानं परमुलखातल्या बागेत नळाशी उभं राहून आईला धरून रडावं, हे काही बरं नव्हे. पण मी रडलो आणि मला फार छान वाटलं.

निघताना संज्योत एक छोटी कुंडी घेऊन आली. तिच्यात तोच बेगोनिया होता, चांगला फुटलेला.

‘घ्या काकू. हा माझ्याकडून.’

‘नको,’ आई मागं सरली. ‘दिलेलं झाड लागत नाही.’

‘मग परत या चोरायला,’ संज्योत म्हणाली. ‘परत पकडीन.’

आई एवढी खूश झाली, की तिनं संज्योतच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. भिवा फाटकावर उभा होता. त्याला काय झालंय हे कळलं नव्हतं, पण सगळे हसतायत म्हणून तोही हसत होता. आप्पांनी त्याला मिरजेला पेढे खायला बोलावलं आणि तिकडं पाऊस किती पडतो तेही सांगितलं.

मी गाडीत बसलो. आप्पा नेहमीप्रमाणे पुढचं दार उघडून आत चढायला लागले, तेवढ्यात आईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

‘तुम्ही मागं बसा.’

‘मागं? झाडांत?’

‘पाय दुमडून बसा.’

आप्पा पुटपुटत मागं गेले. शुभानं त्यांच्या मांडीवर म्हैसूरची सगळी गाठोडी दिली. आई माझ्या शेजारी येऊन बसली. तिनं दार ओढून घेतलं, पदर सारखा केला, पाय वर घेऊन मांडी घातली आणि अंग वळवून माझ्याकडे तोंड केलं.

‘हं, सांग आता,’ ती म्हणाली. ‘पहिल्या दिवसापासून. तू पहिल्यांदा आत शिरलास, तिथून.’

मी किल्ली फिरवली.

‘आणि हळू चालव,’ आई म्हणाली. ‘मिरज लवकर यायला नको.’